समुद्राचा विस्तार व समुद्रजलाचे गुणधर्म
(देशावरील प्राथमिक शाळांतील शिक्षकांसाठी)

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांस समुद्रकिनारा नाही. सह्याद्री ओलांडून कोकणात उतरल्यावाचून समुद्राचे दर्शन होत नाही, आणि माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या पूर्वेकडील तालुक्यांतील पुष्कळ मुलांना ते शालेय वयात घडतही नाही. साहजिकच भूगोलाच्या पुस्तकात महासागरांचा पाठ आला म्हणजे नावे व आकडे तोंडपाठ करून घेण्यातच तो बहुधा संपतो. परीक्षा झाली की आकडे विसरले जातात आणि समुद्र ही कोठेतरी दूर असलेली, आपला काही संबंध नसलेली वस्तू आहे, असा मुलांचा समज कायम राहतो.

हा समज दूर करणे अवघड नाही. देशावरच्या विहिरीतील, ओढ्यातील व पाटातील पाणी समुद्राकडूनच आलेले असते आणि समुद्राकडेच परत जावयाचे असते. समुद्र खारट का, या प्रश्नाचे जे उत्तर आहे, तेच कृष्णाकाठच्या काही जमिनी खारट का होत आहेत, या प्रश्नाचेही उत्तर आहे. हा धागा हाती धरून पाठ घेतल्यास समुद्र न पाहिलेल्या मुलालाही तो समजू शकतो. त्यास उपयोगी पडेल अशी माहिती पुढे क्रमाने दिली आहे.

१. समुद्राचा विस्तार

पृथ्वीच्या पृष्ठभागाचे शंभर समान भाग कल्पिले तर त्यांपैकी सुमारे ७१ भाग समुद्राने व्यापलेले आहेत. समुद्राचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटर आहे. प्रशांत महासागर सर्वांत मोठा असून त्याचा विस्तार १६ कोटी चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. अटलांटिक महासागर सुमारे साडेआठ कोटी, हिंदी महासागर सुमारे ७ कोटी, दक्षिण महासागर सुमारे २ कोटी २० लाख आणि आर्क्टिक महासागर सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटर असा बाकीच्यांचा क्रम लागतो. हे सर्व महासागर एकमेकांस जोडलेले आहेत. माणसाने सोयीसाठी नावे निरनिराळी दिली असली तरी पाणी एकच आहे, ही गोष्ट पृथ्वीचा गोल फिरवून मुलांना अवश्य दाखवावी.

कोटींचे आकडे नुसते सांगून मुलांच्या मनात चित्र उभे राहत नाही. त्यासाठी परिचित माप घ्यावे. सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,४८० चौरस किलोमीटर व सांगली जिल्ह्याचे सुमारे ८,५७० चौरस किलोमीटर आहे. दोन्ही मिळून सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर होतात. अरबी समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३८ लाख ६० हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे असे दोन-दोन जिल्हे सुमारे २०० वेळा मांडावेत तेव्हा एक अरबी समुद्र भरेल. जगातील सर्व समुद्र भरावयाचे तर ते सुमारे १९ हजार वेळा मांडावे लागतील. वरच्या वर्गात हे भागाकार मुलांकडूनच करून घ्यावेत.

२. खोली व घनफळ

समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट समुद्रसपाटीपासून सुमारे १,४४० मीटर उंच आहे. महाबळेश्वरचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत उचलून समुद्रात ठेवला आणि त्यावर तसाच दुसरा डोंगर ठेवला, तरी दोन्ही पाण्याखाली जाऊन वर आणखी अर्ध्या डोंगराइतके पाणी उरेल. सर्वांत खोल जागा प्रशांत महासागरातील मेरियाना गर्तेत आहे. तेथील खोली सुमारे १०,९०० मीटर आहे. एव्हरेस्ट त्या जागी ठेवले, तर त्याच्या शिखरावर सुमारे दोन किलोमीटर पाणी राहील.

समुद्रातील पाण्याचे घनफळ सुमारे १३३ कोटी ५० लाख घन किलोमीटर आहे. या मापाची कल्पना देण्यासाठी कोयना धरणाचा उपयोग करावा. पाटण तालुक्यातील कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची साठवणक्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे. वृत्तपत्रांत व बोलण्यात यालाच १०५ टीएमसी म्हणतात. मेट्रिक मापात हे पाणी सुमारे ३ घन किलोमीटर भरते. यावरून समुद्रातील पाण्याने कोयनेसारखी सुमारे ४४ कोटी ५० लाख धरणे भरतील, असा हिशेब निघतो.

मात्र याच पाण्याची दुसरी बाजूही मुलांना दाखविली पाहिजे. शाळेत ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीचा गोल असेल, तर त्या प्रमाणात समुद्राची सरासरी खोली एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी होते, म्हणजे ती जवळजवळ वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी होते. समुद्राचे सर्व पाणी गोळा करून त्याचा एक गोळा केला, तर या गोलाशेजारी तो सुमारे तीन सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे एखाद्या चांगल्या आवळ्याएवढा दिसेल. समुद्र विशाल आहे खरा; परंतु पृथ्वीच्या मानाने तो पातळ पापुद्र्यासारखा आहे.

पृथ्वीवरील एकूण पाण्याचे शंभर पेले कल्पिले, तर त्यांपैकी सुमारे ९७ पेले खाऱ्या पाण्याचे आहेत. सुमारे दोन पेले ध्रुवप्रदेशांतील व पर्वतांवरील बर्फाचे आहेत. उरलेल्या एका पेल्यातच भूगर्भातील, सरोवरांतील व नद्यांतील सर्व गोड्या पाण्याचा समावेश होतो, आणि त्यातही नद्यांचा वाटा थेंबभरच आहे. पाणी जपून वापरावे, या उपदेशाला हा हिशेब चांगला आधार देतो.

३. समुद्रजलातील क्षार

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. चहाच्या चमच्याने मोजल्यास हे मीठ सुमारे सहा सपाट चमचे भरते. या ३५ ग्रॅमांत क्लोराइड सुमारे १९.३ ग्रॅम, सोडियम १०.८ ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम असते. सोडियम व क्लोराइड यांचे मिळून आपले नेहमीचे खाण्याचे मीठ होते. मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे समुद्राच्या पाण्यास खारटपणाबरोबर कडवटपणाही येतो.

इ. स. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाच्या इंग्रजी जहाजाने जगातील महासागरांची शास्त्रीय पाहणी केली. त्या जहाजाने निरनिराळ्या ठिकाणांहून व खोलींवरून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले व १८८४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाणी कोठले कमी खारट तर कोठले अधिक खारट निघाले. परंतु त्यातील निरनिराळ्या क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण मात्र सर्वत्र जवळजवळ सारखेच आढळले. महासागर एकमेकांत मिसळत असतात, याचा हा रासायनिक पुरावा होय.

समुद्रातील सर्व मीठ बाहेर काढून पृथ्वीवरील जमिनीवर सारखे पसरले, तर त्याचा थर सुमारे १५० मीटर उंच होईल. कोयना धरणाची भिंत सुमारे १०३ मीटर उंच आहे. त्या भिंतीच्याही पुष्कळ वर हा थर जाईल.

समुद्राचे पाणी पिता का येत नाही, हा प्रश्न मुले हटकून विचारतात. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, अशी भारतीय मानकाची शिफारस आहे. समुद्राच्या पाण्यात त्याच्या सुमारे सत्तर पट क्षार असतात. इतके मीठ शरीराबाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावे लागते. म्हणून ते पाणी पिऊन तहान भागत नाही, उलट वाढते.

४. घनता, गोठण, दाब व प्रकाश

क्षारांमुळे समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून जड असते. गोड्या पाण्याचे एक लिटर सुमारे एक किलोग्रॅम भरते, तर समुद्राच्या पाण्याचे एक लिटर सुमारे १ किलो २५ ग्रॅम भरते. नदीतून समुद्रात शिरलेले जहाज किंचित वर उचलले जाते, ते यामुळेच.

गोडे पाणी शून्य अंश सेल्सियसला गोठते, तर समुद्राचे पाणी सुमारे उणे १.९ अंशास गोठू लागते. गोठताना बर्फात पाणीच प्रामुख्याने जाते, आणि बहुतेक मीठ खालच्या पाण्यात मागे राहते. पाणी वाफ होऊन वर जावो की गोठून बर्फ होवो, मीठ ते मागे टाकते. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच नियम आहे.

समुद्रात दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. सर्वांत खोल गर्तेत तो एक हजार वातावरणांहूनही अधिक असतो. सूर्यप्रकाशातील तांबडा रंग पाण्यात लवकर शोषला जातो व निळा अधिक खोलवर पोहोचतो, म्हणून खोल समुद्र निळा दिसतो. सुमारे २०० मीटरांखाली वनस्पतींना पुरेल इतका प्रकाश पोहोचत नाही, आणि एक हजार मीटरांखाली सूर्यप्रकाशाचा मागमूसही नसतो.

५. समुद्र आणि उष्णता

पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. समान वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाणी एक अंशाने तापविण्यास सुमारे पाचपट उष्णता लागते. याचे उदाहरण जवळच आहे. रत्नागिरी व सांगली ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर, १७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. दोहोंमधील सरळ अंतर सुमारे १३५ किलोमीटर आहे. तरीही वैशाखात सांगलीस दुपारी जो चटका बसतो तो रत्नागिरीस बसत नाही, आणि पौषात सांगलीस पहाटे जी थंडी पडते तीही रत्नागिरीस पडत नाही. सूर्य दोन्ही गावांस सारखाच मिळतो. फरक पडतो तो समुद्राच्या सान्निध्याने.

या गुणामुळे समुद्र सर्व पृथ्वीचे तापमान सांभाळतो. गेल्या काही दशकांत पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने शोषून घेतली आहे. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरील बर्फही वितळून समुद्रात येते. त्यामुळे १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. मुंबईस अपोलो बंदर येथे १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली जात आहे. मिरज अथवा सातारा रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची जी उंची लिहिलेली असते, तिचा आरंभ बंदरांवरील अशा दीर्घकाळच्या नोंदींतूनच ठरविलेला असतो. सहलीच्या वेळी तो फलक मुलांना अवश्य वाचावयास लावावा.

६. समुद्राचे पाणी देशावर कसे येते

सूर्याच्या उष्णतेने समुद्रावरून वर्षाकाठी सुमारे सव्वाचार लाख घन किलोमीटर पाण्याची वाफ होते. सर्व समुद्रांवरून जवळजवळ १.२ मीटर उंचीचा पाण्याचा थर दरवर्षी उचलला जावा, असे हे प्रमाण आहे. यातील सुमारे नऊ दशांश पाणी पावसाच्या रूपाने पुन्हा समुद्रावरच पडते. उरलेले सुमारे ४० हजार घन किलोमीटर, म्हणजे कोयनेसारख्या १३ हजार धरणांचे पाणी, वाऱ्याबरोबर जमिनीवर येते, आणि जवळजवळ तितकेच पाणी नद्यांवाटे व भूगर्भातून समुद्रास परत मिळते. जमिनीवरील सर्व शेती व सर्व पिण्याचे पाणी या देवघेवीवर चालते.

नैर्ऋत्य मोसमी वारे हिंदी महासागर व अरबी समुद्र यांवरून वाफ घेऊन येतात. सह्याद्रीची भिंत आडवी येताच ते वर चढतात, निवतात व पाऊस पाडतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडल्यावर वारे खाली उतरतात व कोरडे होत जातात. त्यामुळे माण, आटपाडी, जत या भागांत पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी असतो. एकाच समुद्राची वाफ, एकाच दिशेचा वारा, आणि तरीही शंभर-सव्वाशे किलोमीटरांत पावसाचे मान दहापटीहून अधिक उतरते.

महाबळेश्वराच्या माथ्यावर पडलेल्या पाण्याच्या वाटाही पाहण्याजोग्या आहेत. पश्चिमेस उतरलेले पाणी सावित्री नदीतून थोड्या अंतरावरच अरबी समुद्रास मिळते. पूर्वेस उतरलेले पाणी कृष्णेत जाते. कृष्णेचा उगम अरबी समुद्रापासून सुमारे ६४ किलोमीटरांवर असूनही ती त्याच्याकडे पाठ फिरवून वाई, कऱ्हाड, सांगलीवरून कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश ओलांडते, आणि सुमारे १,४०० किलोमीटरांच्या प्रवासानंतर बंगालच्या उपसागरास मिळते. कोयना कऱ्हाडास प्रीतिसंगमावर कृष्णेला येऊन मिळते. परंतु धरणात अडविलेल्या तिच्या पाण्याचा मोठा भाग बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस पोफळीकडे नेला जातो, आणि वीज निर्माण केल्यावर तो वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळतो. एका नदीचे पाणी अशा रीतीने दोन समुद्रांस जाते.

हे दोन समुद्रही सारखे खारट नाहीत. अरबी समुद्रावरून बाष्पीभवन फार होते आणि त्यास मिळणाऱ्या मोठ्या नद्या थोड्या आहेत. म्हणून त्याच्या पृष्ठभागाच्या पाण्यात एका किलोग्रॅममागे सुमारे ३६ ग्रॅम क्षार असतात. बंगालच्या उपसागरास गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा व कावेरी या नद्या गोडे पाणी पुरवितात. त्यामुळे त्याचे वरचे पाणी अरबी समुद्राहून कमी खारट आहे, आणि उत्तरेकडे पावसाळ्यानंतर ते आणखीच कमी खारट होते.

७. समुद्रात मीठ आले कोठून?

पावसाचे पाणी जवळजवळ शुद्ध असते. खडकांवरून व मातीतून वाहताना ते खडकांतील द्रव्ये हळूहळू विरघळवून घेते. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून जशी काळी माती होते, तसे त्यातील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार पाण्याबरोबर नदीत येतात. ते इतके अल्प असतात की जिभेस नदीचे पाणी गोडच लागते. नदी हे क्षार समुद्रात नेऊन टाकते. समुद्रावरून पाण्याची वाफ होते, पण क्षारांची होत नाही. तीच वाफ पुन्हा पाऊस होऊन खडकांवर पडते व नवे क्षार घेऊन परतते. कोट्यवधी वर्षे हा क्रम चालला आहे. याखेरीज ज्वालामुखींतून व समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांतूनही द्रव्ये समुद्रात येतात. क्लोराइडाचा मोठा भाग मुळात ज्वालामुखींच्या वायूंतून आलेला आहे.

येथे चौकस मुलाच्या मनात एक शंका येईल. नद्या सतत मीठ आणीत असतील तर समुद्र दिवसेंदिवस अधिक खारट का होत नाही? ही शंका मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही आली होती. आयर्लंडमधील जॉन जोली यांनी १८९९ मध्ये समुद्रातील सोडियमला नद्यांनी दरवर्षी आणलेल्या सोडियमने भागून पृथ्वीचे वय आठ ते नऊ कोटी वर्षे काढले. आज ते सुमारे ४५४ कोटी वर्षे असल्याचे सिद्ध झाले आहे. जोलींचा भागाकार बरोबर होता. पण समुद्रात आलेले क्षार तेथून बाहेरही जातात, हे त्यात धरलेले नव्हते. शंखशिंपल्यांचे जीव कॅल्शियम वापरतात, काही क्षार तळाच्या गाळात बसतात, आणि उथळ समुद्र आटून मिठाचे थर जमिनीत गाडले जातात. आवक व जावक यांचा मेळ बसल्यामुळे समुद्राचा खारटपणा दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहिला आहे.

कोकणातील मिठागरांत हाच नियम माणूस उपयोगात आणतो. वाफ्यांत घेतलेले समुद्राचे पाणी उन्हाने आटू लागले म्हणजे प्रथम जिप्समसारखे कॅल्शियमचे क्षार खाली बसतात. पाणी मूळच्या सुमारे एक दशांश उरले की खाण्याच्या मिठाचे स्फटिक धरू लागतात. कडवट मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या पाण्यात राहतात, म्हणून ते पाणी मीठवाले काढून टाकतात.

८. शेतातील मीठ

जे मिठागरात घडते तेच, निचरा नसेल तर, शेतातही घडते. नदीच्या एका लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅम क्षार आहेत असे उदाहरणादाखल धरावे. एक हेक्टर शेतास वर्षभरात एक मीटर उंचीचे पाणी दिले, तर ते एक कोटी लिटर होते आणि त्याबरोबर दोन टन क्षार शेतात येतात. पाणी पिकाने घेतले व उन्हाने उडून गेले. क्षार मात्र शेतातच राहिले. पावसाळ्यात ते धुऊन खाली व पुढे ओढ्यात गेले तर जमीन सुरक्षित राहते. परंतु काळ्या भारी जमिनीतून पाणी सहजी खाली उतरत नाही. तशा जमिनीस बेसुमार पाणी देत गेल्यास जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे खालचे खारे पाणी मातीतून वर चढते, पृष्ठभागावर आटते आणि पांढरा थर मागे ठेवते.

सांगली जिल्ह्यातील मिरज, पलूस, वाळवा या कृष्णाकाठच्या तालुक्यांत अशा क्षारपड व पाणथळ जमिनी आढळतात. ज्या शेतात एके काळी उसाचे उत्तम पीक येत असे, तेथे प्रथम उगवण विरळ होते, मग पीक पिवळे पडते, आणि शेवटी लव्हाळ्यावाचून काही उगवत नाही. शेतकऱ्याने कष्ट कमी केले म्हणून हे घडत नाही. पाणी जितके अधिक तितके पीक अधिक, या समजुतीमुळे व निचऱ्याकडे झालेल्या दुर्लक्षामुळे ते घडते.

यावर उपाय आहेत. पाणी मोजून द्यावे व शक्य तेथे ठिबक पद्धती वापरावी. शेताच्या कडेने चर ठेवावेत व ते बुजू देऊ नयेत. जमीन फारच बिघडली असल्यास जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून खारे पाणी बाहेर काढता येते. माती चोपण झाली असल्यास परीक्षण करून तज्ज्ञांच्या सल्ल्याने जिप्सम घालतात. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांस चिकटलेल्या सोडियमची जागा घेते, आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर वाहून जाऊ शकते. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींच्या सुधारणेचे काम चालते. जवळच्या शाळांनी शक्य असल्यास तेथे सहल न्यावी.

सर्व उपायांचे मर्म एकच आहे: मीठ शेतात थांबू नये, ते वाहत्या पाण्याबरोबर पुढे गेले पाहिजे. नदीचे सारे पाणी वाटेतच संपले तर तिच्याबरोबर जाणारे क्षारही वाटेतच राहतात. ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांत पोहोचू लागले आहे. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट पाहिलेल्या त्या भागास हे वरदानच आहे. नदीकाठच्या गावांनी उशिरा शिकलेला धडा त्या गावांतील मुलांनी आरंभीच शिकावा, यासाठी या पाठाचे महत्त्व विशेष आहे.

९. वर्गात करावयाचे प्रयोग

(अ) एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे मीठ विरघळवावे. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा साधारण असाच असतो. मुलांनी बोट बुडवून चव पाहावी, पिऊ नये. हे पाणी एका ताटलीत, आणि पावसाचे, नदीचे व विहिरीचे पाणी दुसऱ्या तीन ताटल्यांत समान मापाने घेऊन उन्हात आटवावे. मागे काय व किती राहिले, याची नोंद मुलांनी वहीत करावी. विहिरीच्या ताटलीतील डाग पाहून मुलांस विशेष नवल वाटेल.

(आ) समुद्राच्या पाण्यात ताजे अंडे किंवा बटाटा तरंगतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. वरील पाण्यात बटाटा टाकून तो बुडतो हे प्रथम दाखवावे, आणि मग मीठ वाढवीत न्यावे. समुद्राच्या तिप्पट-चौपट खारटपणा आला म्हणजे तो वर येईल. मृत समुद्राचे पाणी याहूनही पुष्कळ अधिक खारट आहे, म्हणून त्यात माणूस सहज तरंगतो. समुद्राच्या पाण्याची घनता दाखविण्यासाठी जोंधळ्याच्या धाटाचा तुकडा घेऊन खालच्या टोकात खिळा खोवावा, व तो पाण्यात उभा तरंगेल असे करावे. गोड्या पाण्यात तो १० सेंटिमीटर बुडत असल्यास मिठाच्या पाण्यात सुमारे अडीच मिलिमीटर वर येईल. खूण बारीक करून फरक दाखवावा.

(इ) दोन सारख्या डब्यांत समान वजनाची कोरडी माती व पाणी घेऊन उन्हात ठेवावे. अर्ध्या तासाने दोहोंस हात लावून पाहावा व पुन्हा सावलीत ठेवून कोणते आधी निवते ते पाहावे.

(ई) दोन डब्यांत काळी माती भरावी. एकाच्या तळास भोके पाडावीत, दुसऱ्याच्या पाडू नयेत. दोहोंत जोंधळ्याचे दाणे पेरून एक लिटरला अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी रोज द्यावे. भोके असलेल्या डब्यातून आठवड्यातून एकदा साधे पाणी भरपूर सोडून ते खाली गळू द्यावे. तीन-चार आठवड्यांत दोन्ही डब्यांतील रोपे व मातीचा पृष्ठभाग यांची तुलना करावी. हा प्रयोग शेतकऱ्याच्या मुलाच्या हातून करवावा आणि त्याचा वृत्तांत त्याने घरी वडिलांस सांगावा.

हिशेबासाठी तीन उदाहरणे द्यावीत. पहिले: एक टन समुद्राचे पाणी आटविल्यास किती किलो क्षार मिळतील? (३५ किलो) दुसरे: एक एकर शेतास ५० सेंटिमीटर उंचीचे पाणी दिल्यास किती लिटर पाणी लागेल? (एक एकर सुमारे ४,००० चौरस मीटर धरल्यास २० लाख लिटर) तिसरे: त्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम क्षार असल्यास शेतात किती क्षार आले? (४०० किलो)

तिसऱ्या उदाहरणाचे उत्तर फळ्यावर लिहून झाले म्हणजे शिक्षकांनी मुलांना एकच प्रश्न विचारावा: हे चारशे किलो मीठ शेतातून बाहेर कोणत्या वाटेने जाते? मुलांनी दुसऱ्या दिवशी आपापल्या शेताचा चर, ओढा व नदी यांचा साधा नकाशा काढून आणावा. ज्याच्या नकाशात पाण्याची वाट शेतापासून समुद्रापर्यंत अखंड दाखविलेली असेल, त्याला समुद्राचा पाठ समजला असे मानण्यास हरकत नाही. ज्याच्या नकाशात ती वाट शेताच्या बांधाशीच संपली असेल, त्याच्या घरी त्या चराविषयी बोलणे होणे अगत्याचे आहे.